ट्रान्सफॉर्मरचा पंचम

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका शहरात नवं व्यापारी संकुल झालं होतं. पुढे दुकानं, वर ऑफिसं आणि मागच्या अंगाला अडीचशे खुर्च्यांचं छोटं संगीत सभागृह. उद्घाटनाच्या बैठकीला मला बोलावलं होतं. बुवा काळी एकमध्ये गाणारे. तानपुरे लावायला घेतले आणि एका तानपुऱ्याची पहिली तार, पंचमाची, काही केल्या जमेना. शिष्य खुंटी पिळतोय, मणी सरकवतोय, जवारीचा दोरा हलवून बघतोय. तार लागल्यासारखी वाटायची आणि लगेच थरथरायची. शेवटी बुवांनी त्याचा हात धरला आणि पाठीमागच्या भिंतीकडे मान वळवून म्हणाले, ‘‘तार बरोबर आहे रे. ती भिंत उतरली आहे.’’

मध्यंतरात मी भिंतीमागे जाऊन पाहिलं. तिथे इमारतीचा ट्रान्सफॉर्मर होता.

आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनांची. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातले पत्रे प्रत्येक आवर्तनात दोनदा थरथरतात, म्हणून त्याची गुणगुण 100 कंपनांची. काळी एकचा मध्य षड्ज साधारण 138.6 कंपनांचा, त्यामुळे मंद्र पंचम भरतो 104 च्या आसपास. म्हणजे भिंतीमागचं ते यंत्र संध्याकाळभर पंचमच गात होतं, फक्त किंचित उतरलेला. 104 आणि 100 एकत्र आले की सेकंदाला चार हेलकावे ऐकू येतात. शिष्य तारेतली थरथर काढायला बसला होता आणि ती थरथर तारेत नव्हतीच.

प्रस्तावनेची सुरुवात तक्रारीने करू नये असं म्हणतात. पण ‘संमिश्र वापराच्या इमारतीत छोटं संगीत सभागृह’ हा या पुस्तकाचा विषय त्या एका तारेत पुरता मावतो. त्या इमारतीच्या आर्किटेक्टला मी दोष देत नाही. त्याने भिंतीला महागडी ध्वनिशोषक फळी लावली होती, गालिचा टाकला होता, छताला नक्षीदार पट्ट्या होत्या. चूक त्याच्या फार आधीची. विजेची केबल ज्या बाजूने आली तिथे ट्रान्सफॉर्मर गेला, रस्त्याच्या बाजूला दुकानं गेली, मग लिफ्ट, जिने, पार्किंगचा उतार बसला आणि हे सगळं बसवून जो चौकोन उरला त्याला सभागृह म्हटलं गेलं. भिंतीला फळी लावून खोलीतल्या आवाजाचा प्रतिध्वनी मरतो, भिंतीतून येणारी गुणगुण मरत नाही. ते काम नकाशाचं, तेही पहिल्या आठवड्यातल्या नकाशाचं.

लेखकद्वयाने पुस्तकभर हाच हट्ट धरला आहे, आणि तो मला मनापासून पटतो. ज्या इमारतीत सभागृह आहे तिथे आधी सभागृह काढायचं, बाकीची इमारत त्याच्याभोवती. जागेच्या हिशोबात ते सगळ्यांत लहान असेल आणि भाडं तर बहुधा देणारच नाही. तरी आधी तेच.

हे जमलेलं पाहायचं असेल तर लंडनला किंग्ज क्रॉस स्टेशनाच्या हाकेच्या अंतरावर, यॉर्क वे रस्त्यावर किंग्ज प्लेस नावाची इमारत आहे. 2008 च्या ऑक्टोबरमध्ये ती उघडली. आर्किटेक्ट डिक्सन जोन्स, ध्वनीचं काम अरुप कंपनीचं. बाहेरून पाहिलं तर रस्त्याकडेला लाटेसारखी काचेची भिंत, मागे कालव्याचं पाणी आणि वर सात मजले ऑफिसं. ‘गार्डियन’ वृत्तपत्राचा सगळा संसार त्याच वर्षाअखेर तिथे हलला. सभागृहं आहेत जमिनीखाली. मोठं म्हणावं असं सुमारे 420 खुर्च्यांचं, दुसरं त्याहून लहान. म्हणजे आपल्याकडच्या मंगल कार्यालयातल्या एका पंगतीएवढी माणसं.

पीटर मिलिकन या विकासकाचा हा ध्यास. ऑफिसांच्या भाड्यावर इमारत उभी राहील आणि तिच्या पोटात संगीत राहील, असा त्यांचा हिशोब. सभागृहं चालवायला वेगळा न्यास केला. दिवसा तिथे परिषदा आणि सभा होतात, संध्याकाळी मैफिली. ऑफिसचा माणूस सहाला बाहेर पडतो आणि श्रोता सातला आत येतो. तेच दालन दुपारी ऑफिसवाल्यांच्या कॉफीचं आणि रात्री मध्यंतराचं. संमिश्र वापर म्हणजे काय, ते या घड्याळात आहे. दोन वापर एका छताखाली आणणं सोपं, दोघांच्या वेळा एकमेकींत गुंफणं अवघड, आणि इमारत पैशाने तगते ती या गुंफणीवर.

मोठ्या सभागृहाचं आतलं लाकूड जर्मनीतल्या एकाच ओक वृक्षाचं आहे. झाड सुमारे पाचशे वर्षांचं होतं. त्याचे पातळ काप काढून सगळ्या भिंतींना, खांबांना, खुर्च्यांना लावले. ही गोष्ट पर्यटकांना सांगायला छान आहे आणि सगळे तीच सांगतात. मला मात्र त्या लाकडापेक्षा त्याच्या मागची हवा जास्त महत्त्वाची वाटते. ते सभागृह म्हणजे पेटीतली पेटी आहे. आतली पेटी बाहेरच्या इमारतीला घट्ट जोडलेली नाही, ती लवचिक आधारांवर बसवलेली आहे. जवळून भुयारी रेल्वे जाते, रस्त्यावरून ट्रक जातात, वर शेकडो माणसं खुर्च्या सरकवतात, आणि यातलं काही आत येऊ द्यायचं नाही म्हणून ही सगळी उठाठेव.

या पेटीचं गणित पुस्तकात सविस्तर आहे, इथे एक चव देतो. वजनाखाली 25 मिलिमीटर दबणारी स्प्रिंग सेकंदाला साधारण 3 वेळा हेलकावे घेते. रेल्वेची धडधड प्रामुख्याने 30 ते 80 कंपनांच्या पट्ट्यात असते. एवढ्या वेगाने हलवायला गेलात तर स्प्रिंग दाद देत नाही, वरची पेटी जागची हलत नाही. रबराचे ठोकळे स्वस्त, पण ते कडक. त्यांचे हेलकावे 8 ते 10 च्या घरात जातात, म्हणून रेल्वे अगदी शेजारी असेल तर कुठे रबर पुरतं आणि कुठे स्प्रिंगच लागते, हे आधी मोजून ठरवावं लागतं. इथपर्यंत कागदावर सोपं आहे. अवघड पुढे. दोन पेट्यांमधली ती चार बोटांची फट कायम मोकळी राहिली पाहिजे. एका कामावर आम्ही तरंगती स्लॅब ओतून घेतली, मोजमापं घेतली आणि आकडे बघून हबकलो, स्प्रिंगा नसल्यासारखेच होते. दोन दिवस शोधलं. कडेच्या फटीत सेंट्रिंगवाल्यांनी फळीचा एक तुकडा अडकवून ठेवला होता आणि त्यावर काँक्रीटचा ओघळ येऊन घट्ट बसला होता. वीतभर पूल. त्या पुलावरून सगळा रस्ता आत येत होता. छिन्नीने तो फोडायला मिस्त्रीला दहा मिनिटं लागली. पुढे त्याच कामावर प्लंबरने दोन्ही पेट्यांतून सरळ लोखंडी पाईप नेला, ती हकिगत लिहीत नाही. आमच्या मिस्त्रीने मात्र तेव्हापासून फटीला ‘सोवळं’ म्हणायला सुरुवात केली. शिवायचं नाही. याहून नेमका शब्द मला अजून मिळालेला नाही.

न्यूयॉर्कला कार्नेगी हॉलच्या खाली खडक फोडून 2003 साली झँकेल हॉल केला, सुमारे सहाशे खुर्च्यांचा. भुयारी रेल्वेचे रूळ काही मीटरवर. रबराचे थर घातले, बराच खर्च केला, तरी हळू वाजणाऱ्या जागी गाडी जाते ते ऐकू येतं, असं समीक्षकांनी लिहिलं. तिथले लोक ते आता शहराचा भाग म्हणून सोडून देतात म्हणे. आपण सोडून देऊ शकणार नाही. आपल्या गाण्याची सुरुवातच अशा जागी असते की जिथे जवळजवळ काही नसतं. आलापाच्या पहिल्या षड्जाआधी तानपुरा ऐकायचा असतो आणि तानपुऱ्यात जे ऐकायचं ते तारेच्या आवाजाच्या मागे असतं. पाश्चात्य वाद्यवृंदाला एअर कंडिशनरची सळसळ झाकून टाकता येते. तानपुऱ्याला ते जमत नाही, आणि झाकणं हा त्याचा स्वभावही नाही.

यावर ठरलेला प्रश्न येतो. प्रत्येक समितीत एक सदस्य असतो, तो विचारतो, ‘‘माइक आहेच की, मग एवढा खर्च कशाला?’’ त्याला उत्तर असं. माइक गाणं मोठं करतो, खोली शांत करत नाही. गुणगुणीच्या वर गाणं न्यायचं तर आवाज वाढवावा लागतो, वाढवला की कान बधिर होतात, तबलजी स्वतःला ऐकू येत नाही म्हणून मॉनिटर मागतो, मग गायकही मागतो, आणि पन्नास माणसांच्या बैठकीत लग्नाच्या वरातीएवढा आवाज भरतो. हे आपण सगळ्यांनी सोसलेलं आहे. शांत खोलीत अडीचशे माणसांना माइकशिवाय ख्याल ऐकू जातो. ज्याने एकदा असा ऐकला, तो पुन्हा समितीत हा प्रश्न विचारत नाही.

आता उंचीबद्दल, कारण भांडणं इथेच होतात. बिनमाइकच्या संगीताला माणशी 8 ते 10 घनमीटर हवा लागते, हा जगभरातला अनुभव. 400 माणसांना 9 च्या हिशोबाने 3600 घनमीटर. सभागृह 15 मीटर रुंद आणि 24 मीटर लांब धरलं तर उंची येते 10 मीटर. म्हणजे ऑफिसचे तीन मजले. बिल्डर नकाशात ही रिकामी हवा बघतो आणि त्याचा जीव कासावीस होतो. ‘‘सहा मीटर पुरेल ना? वर एक मजला निघेल.’’ इथे वॉलेस सबाइन मदतीला येतो. हार्वर्डचा हा तरुण प्राध्यापक 1895 पासून एका वाईट व्याख्यानगृहाचा नाद घेऊन बसला होता. रस्त्यावरची वर्दळ थांबली की मध्यरात्रीनंतर तो दुसऱ्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, त्या ठेवून निनाद किती वेळ टिकतो ते मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचा. त्यातून निघालेलं सूत्र अजून चालतं: खोलीच्या घनमीटरला 0.161 ने गुणा आणि खोली किती आवाज पिते त्या आकड्याने भागा. बसलेला माणूस ढोबळमानाने अर्ध्या चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज पितो. 400 माणसांचे 200, भिंती-छत-मंचाचे समजा 180. दहा मीटर उंचीला निनाद भरतो सुमारे दीड सेकंद. छत सहा मीटरवर आणलं की माणसं तेवढीच राहतात, हवा कमी होते आणि निनाद एका सेकंदावर येतो. भाषणाला उत्तम. गाण्याला मात्र खोली कोरडी होते, तान सुटते आणि जागच्या जागी पडते. हा अर्धा सेकंद म्हणजे तो गेलेला मजला. पडदे सोडून निनाद केव्हाही कमी करता येतो, वाढवता येत नाही. म्हणून नाटकवाले आणि गाणारे एकाच सभागृहात नांदवायचे असतील तर उंची गाणाऱ्यांच्या हिशोबाने धरावी आणि पडदे नाटकवाल्यांच्या.

सभागृह वर की खाली, यावर पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे आणि त्यातल्या निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. लेखकांचा कल तळघराकडे आहे, किंग्ज प्लेससारखा. लंडनला ते ठीक. आपल्याकडे जुलैत तळघर म्हणजे पंप, आणि पंप म्हणजे पुन्हा आवाज. दादरचं शिवाजी मंदिर आठवा, खाली दुकानं आणि वर नाटक. ही रचना मराठी माणसाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिला कुणी संमिश्र वापर वगैरे म्हणतही नाही. छबिलदास शाळेच्या सभागृहात तर 1974 पासून प्रायोगिक रंगभूमीची एक पिढी वाढली. ती दुसऱ्याच कामासाठी बांधलेल्या इमारतीत भाडेकरू म्हणून. वरच्या मजल्यावरच्या सभागृहाला खांबांशिवायचा मोठा गाळा सहज मिळतो, कारण डोक्यावर इमारत नसते. तळाशी घेतलं तर वरच्या सगळ्या मजल्यांचं वजन सभागृह ओलांडून बाजूला न्यावं लागतं आणि त्या तुळयांचा खर्च ऐकून भलेभले गप्प होतात. पण वर नेलं की नेपथ्य, पियानो, चारशे माणसं आणि त्यांचे आजी-आजोबा सगळं वर न्यायचं. माझं मत विचाराल तर एक मजला वर. जिन्याने जाता येईल आणि पुराचं पाणी येणार नाही इतकं.

शेजारी निवडून घ्यावेत. सभागृहाच्या डोक्यावर ग्रंथालय उत्तम, ऑफिस चालेल, कथ्थकचा वर्ग नको आणि जिम तर नकोच. जमिनीवर आपटलेल्या डम्बेलला कोणतीही स्लॅब पुरत नाही. शौचालयाचा पाईप छतातून जाऊ देऊ नये, हे सांगावं लागू नये, पण लागतं. हवेचे डक्ट मोठे आणि हवा सावकाश. छोट्या डक्टमधून जोरात ढकललेली हवा शीळ घालते. सर्वांत चांगलं म्हणजे खुर्च्यांखालून गार हवा हळूच सोडायची आणि ती माणसांच्या उबेने आपोआप वर जाऊ द्यायची. आणखी एक, डक्ट दोन्हीकडून बोलतो. एका नाट्यगृहात मेकअप रूम आणि प्रेक्षागृहाला एकच डक्ट होता. पहिल्या अंकात नायक गंभीर स्वगत म्हणत असताना छतातून दुसऱ्या अंकातल्या सासूबाई मानधनाबद्दल काय बोलत होत्या, ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

बटाटेवड्याबद्दल पुस्तकात एक ओळही नाही, ही त्यातली मोठी उणीव. मध्यंतर पंधरा मिनिटांचं, चारशे माणसं, वडा, चहा आणि बायकांच्या शौचालयापुढची रांग. या चार गोष्टींवर मराठी प्रेक्षक सभागृहाची परीक्षा करतो, निनादावर नाही.

आगीचं प्रकरण वाचताना हलकं काही सुचत नाही. दिल्लीचं उपहार चित्रपटगृह अशाच इमारतीत होतं. तिथे दुकानं होती, ऑफिसं होती आणि तळाच्या पार्किंगमध्ये ट्रान्सफॉर्मर. 13 जून 1997 ला तो पेटला. आग वर गेली नाही, धूर गेला, आणि सज्जात बसलेल्यांना बाहेर पडायला वाट राहिली नव्हती. 59 माणसं गेली, बहुतेक गुदमरून. संमिश्र इमारतीत दुसऱ्याचा धोका तुमच्या प्रेक्षकांपर्यंत जिन्याने आणि डक्टने चालत येतो. म्हणून सभागृहाचे जिने फक्त सभागृहाचे असावेत, थेट उघड्यावर निघणारे, आणि कुणाच्या गोडाऊनमधून न जाणारे. शांततेसाठी जी पेटी वेगळी करायची तीच धुरासाठीही वेगळी होते. एक फट दोन कामं करते. फक्त तिच्या कडा आग अडवेल अशा मालाने बुजवायच्या असतात, आणि त्या मालाने पेट्या पुन्हा जोडल्या जाऊ नयेत. हा तपशील पुस्तकात आकृतीसह आहे.

राहिला पैसा. ऑफिसच्या भाड्यावर संगीत पोसायची कल्पना जुनी आहे. शिकागोच्या ऑडिटोरियम बिल्डिंगमध्ये अ‍ॅडलर आणि सलिव्हन यांनी 1889 साली चार हजारांवर खुर्च्यांचं नाट्यगृह बांधलं आणि त्याला हॉटेल आणि ऑफिसांनी वेढलं, म्हणजे त्यांच्या उत्पन्नावर ऑपेरा चालेल. ध्वनी अप्रतिम साधला. हॉटेल मात्र जुनं झालं, संस्था बुडाली, दुसऱ्या महायुद्धात त्या मंचावर सैनिकांसाठी बोलिंगचे पट्टे टाकले. भाडं देणारा शेजारी आजारी पडला की गाणाराही उपाशी. लंडनचं विगमोर हॉल 1901 साली बेखस्टाइन पियानो कंपनीने आपल्या दुकानाला लागून बांधलं, साडेपाचशे खुर्च्यांचं. पहिल्या महायुद्धात जर्मन कंपनीची मालमत्ता म्हणून 1916 ला ते लिलावात निघालं आणि डेबनहॅम्स या कापडदुकानदारांनी घेतलं. त्यांनी ते गोदाम केलं असतं तरी कुणी अडवलं नसतं. नाव बदलून सभागृहच ठेवलं, म्हणून आज आहे. तोक्योच्या कासाल्स हॉलचं नशीब तेवढं नव्हतं. अराता इसोझाकींनी ओचानोमिझु स्क्वेअर या संकुलात 1987 साली एका प्रकाशनसंस्थेसाठी बांधलेलं 511 खुर्च्यांचं हे सभागृह, छोट्या वाद्यमेळासाठी जगात नावाजलेलं. मालकी एका विद्यापीठाकडे गेली आणि 2010 च्या मार्चअखेर ते बंद झालं. सभागृहात खोट नव्हती. ते कुणाचं आणि किती वर्षं, एवढंच कच्चं राहिलं होतं.

त्यामुळे या पुस्तकाच्या परिशिष्टात भाडेपट्ट्याचा एक नमुना आहे, तो आर्किटेक्ट मंडळींनी वगळू नये. त्यात एक कलम मला फार आवडलं: सभागृहाच्या वरच्या आणि खालच्या गाळ्यात कुठला व्यवसाय येईल, यावर सभागृहाच्या न्यासाचा नकाराधिकार, मालक बदलला तरी. जिम येणार नाही, हे कुणाच्या भल्या मनावर सोडलेलं नाही.

सभागृह ताब्यात घेण्याआधीच्या रात्री काय करायचं तेही शेवटी सांगितलं आहे. इमारतीतले सगळे पंप, लिफ्ट, चिलर, जनरेटर एकदम चालू करायचे. वरच्या मजल्यावर दोघांना ऑफिसच्या खुर्च्या ओढायला लावायचं, दोघांना एकामागून एक फ्लश ओढायला. मीटर तर लावायचाच, पण मंचावर दिवे घालवून तानपुरा घेऊन बसायचं, काळी एकला. पंचम लावायचा आणि थरथर येते का ते ऐकायचं. पुस्तकाचं पहिलं प्रकरण म्हणूनच ट्रान्सफॉर्मर कुठे ठेवावा यावर आहे आणि सभागृहाचा पहिला नकाशा पान 60 वर येतो. घाई असली तरी ते पान आधी उघडू नये.